भावाच्या स्क्रीनवर होतं तेच सॉफ्टवेअर

घाटकोपरच्या डोंगरावर आमची खोली होती, दोन बाजूंना विटा आणि दोन बाजूंना पत्रा. पाणी खालच्या नळावरून आणायचं. मधे बहात्तर पायऱ्या. मी त्या मोजलेल्या आहेत, कारण डोक्यावर हंडा असला की माणसाला दुसरं काही सुचत नाही. पप्पा रंगारी होते. मोठ्या बिल्डिंगांना बाहेरून रंग मारायचे, दोरावर टांगलेल्या फळीवर बसून. पावसाळ्यात बाहेरचा रंग बंद, म्हणजे पप्पांचं काम बंद. ते चार महिने आम्ही आईच्या हातांवर काढायचो. आई घरी बसून कानातल्यांमध्ये खडे चिकटवायची. चिमट्याने एकेक खडा उचलायचा, गोंदाच्या ठिपक्यावर ठेवायचा, दाबायचा. ते खडे आमच्या भातातसुद्धा सापडायचे.

या सगळ्यात पप्पांची गायन पार्टी होती. पुढे गाणारे पप्पा, ढोलकीवर धाकटे काका, पेटीवर शेजारच्या गल्लीतले एक मास्तर आणि मागे चार जणांचा कोरस. जयंतीला, बुद्धपौर्णिमेला, कोणाच्या घरी नामकरण असलं, कोणी गेल्यावर पुण्यानुमोदन असलं की बोलावणं यायचं. गाणी पप्पांची स्वतःची. शब्द त्यांचे, चालही त्यांची. शाळा चौथीपर्यंत झालेली, लिहायचा कंटाळा, त्यामुळे एकही गाणं कागदावर नाही. सगळं डोक्यात.

मला मात्र कार्यक्रमाला न्यायचे नाहीत. "घरात एक गाणारा बस झाला," म्हणायचे, "तू पुस्तक धर." मी पुस्तक धरलं. पार्टी खाली मैदानात गायची आणि मी वर खोलीत बसून लाऊडस्पीकरवरून ऐकायचे. दहावी, बारावी, बी.कॉम. आमच्या अख्ख्या भावकीत कॉलेज पूर्ण केलेली पहिली मी. हे मी कोणालाही सांगते. न विचारता सांगते. ज्यांना मला शिंगं फुटली असं वाटतं, त्यांना वाटू दे.

पुढे डोंगरावरच्या खोल्या पाडून बिल्डिंग उभी राहिली. आम्हाला सातव्या मजल्यावर घर मिळालं. एक हॉल, एक आतली खोली, घरातच नळ. मला पवईला एका ऑफिसात अकाउंट्समध्ये नोकरी लागली. आईने खडे बंद केले. पप्पांनी रंग बंद केला, पण रंगाने पप्पांना सोडलं नव्हतं. वर्षानुवर्षं पुट्टी घासल्याची पूड छातीत गेलेली. जिने चढले की दम लागायचा. गाताना आधी एका श्वासात जे पार व्हायचं, त्याला आता दोन श्वास लागायचे. डॉक्टर म्हणाले, गा, पण ताण नको. मी मनात म्हटलं, ही गाणी आता रेकॉर्ड झाली पाहिजेत. नाहीतर जशी आली तशी जातील.

आणि इथे माझा चुलतभाऊ येतो.

सरळ सांगते, तो मला बघवत नव्हता. धाकट्या काकांचा मुलगा, माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान, बारावी नापास, दोनदा. अंधेरीला मरोळच्या एका गल्लीत एक खोली भाड्याने घेऊन त्याने स्टुडिओ थाटला होता. मिरवणुकांसाठी गाणी करायचा. त्याचं एक गाणं एका जयंतीला अख्ख्या उपनगरात वाजलं आणि तेव्हापासून घरात त्याचं नाव निघालं की पुढे 'म्युझिक डिरेक्टर' लागायचं. मी बी.कॉम. झाले तेव्हा पेढे वाटले होते, एक दिवस. हा रोज पेढ्यासारखा तोंडात.

एकदा काकांच्या घरी सगळे जमलो होतो. जेवणं झाली आणि पप्पा सगळ्यांसमोर म्हणाले, "आपली गाणी पुतण्या रेकॉर्ड करणारे. या जयंतीच्या आत."

मला कोणी विचारलंसुद्धा नव्हतं.

"मी करीन," मी म्हटलं. "घरी."

काका हसले. "ताईसाहेब, हा बॅलन्सशीटचा मामला नाही."

"शिकेन."

"अगं शिकून येतं का ते?"

"काका, माझं सगळं शिकूनच आलंय."

भाऊ पाय पसरून बसला होता. तो म्हणाला, "करू दे ना ताईला. मस्त होईल. काही अडलं तर मी आहेच."

हे 'मी आहेच' मला फार झोंबलं. त्याने भांडायला हवं होतं. भांडला असता तर मला बरं वाटलं असतं. पप्पांनी एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि म्हणाले, "बरं, तू कर. पण जयंतीला महिना राहिला आणि तुझ्याकडून काही झालं नाही, तर मी अंधेरीला जाणार. मग रडायचं नाही."

आई उष्टी ताटं उचलत पुटपुटली, "गाणी राहतील बाजूला, ही दोघं एकमेकांची मोजमापं काढत बसतील." आई खोटं बोलत नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी कामाला लागले. ऑफिसात मला जे येतं ते मी केलं. एक्सेलची शीट बनवली. घरी रेकॉर्डिंग करायची पाच सॉफ्टवेअर्स एका बाजूला, आणि वर रकाने. माझ्या लॅपटॉपवर चालेल का. एका वेळी किती माइक घेतं. शिकायला किती दिवस. शिकवणारे व्हिडिओ कळतील अशा भाषेत आहेत का. शेवटचा रकाना, आपल्याला खरंच काय करायचंय. त्यात मी लिहिलं होतं: पप्पांचा आवाज, ढोलकी, पेटी, जसं आहे तसं. दहापैकी मार्क दिले, बेरीज केली. पहिलं आलं ते फुकट मिळणारं, साधंसुधं एक. राखाडी स्क्रीन, वर एक लाल बटण, दाबलं की रेकॉर्ड होतं, बस. भाऊ वापरायचा ते चौथं आलं. माझ्या लॅपटॉपला ते जड होतं, शिकायला महिने लागणार होते आणि त्यातल्या अर्ध्या गोष्टी मिरवणुकीच्या धमाक्यासाठी होत्या. आम्हाला त्यांचा उपयोग नव्हता.

शीट बरोबर होती. हे आज सांगते. त्या वेळी मी ती सेव्ह केली आणि रविवारी मेट्रोने मरोळला गेले. भावाचा स्टुडिओ बघायला. त्याला सांगितलं, सहज आले.

खोली एवढीशी. तीन माणसं बसली की चौथ्याने दारात उभं राहायचं. भिंतींना काळा स्पंज लावलेला. पण समोर ती स्क्रीन! निळे, हिरवे, जांभळे पट्टे एकाखाली एक धावत होते आणि माझ्या भावाची बोटं कीबोर्डवर अशी चालत होती की माझी आयुष्यात कशावर चालली नाहीत. एक ढोलकीचा ठोका त्याने उचलला, बाजूला नेला, चारदा लावला, लांबवला. बघतही नव्हता. माझ्याशी गप्पा मारत होता.

"ताई, चहा घेणार?"

"नको."

"तू कोणतं घेतेस मग?"

"बघतेय."

"तुला सांगू का, ते फुकटवालं घे, साधं. मोठ्या पप्पांच्या कामाला तेच बरं."

माझ्या शीटने जे सांगितलं तेच तो सांगत होता. पण मला काय ऐकू आलं? 'तुझी लायकी फुकटवाल्याची.' माझ्या डोक्यात खरंच एवढंच वाजलं.

"तुझ्याकडे आहे तेच घेणारे मी," मी म्हटलं.

"हे? अगं जड आहे. आणि लागणार नाही यातलं काही. हवंच असेल तर मी टाकून देतो तुझ्या लॅपटॉपवर. क्रॅक आहे माझ्याकडे."

"मला चोरीचं नको. विकत घेईन."

"घे बाई." तो हसला. त्याचं हसणं स्वच्छ होतं, हेही मला खटकलं. माणसाने निदान थोडं तरी कुजकं असावं.

मी ते विकत घेतलं. बिल माझ्या नावावर. मेट्रोने परत येताना मी फोनवर तेच बिल तीनदा उघडून बघितलं. वाटत होतं, आता मी त्याच्या बरोबरीला आले. सॉफ्टवेअर घेतल्याने बरोबरीला येता येत असतं, तर मी पेनं विकत घेऊन वकील झाले असते. पण हे शहाणपण नंतरचं.

पुढचे दोन महिने कसे गेले ते आईला विचारा. ऑफिसातून यायचं, आतल्या खोलीत बसायचं, व्हिडिओ बघायचे. माइक आणला. माइक आणि लॅपटॉपच्या मधे लावायचा एक डबा असतो, तो आणला. सॉफ्टवेअर उघडलं की माझा लॅपटॉप धापा टाकायचा. त्याचा पंखा एवढा घरघरायचा की आवाज माइकमध्ये यायचा. हेडफोनमध्ये स्वतःचा शब्द तोंडातून निघाल्यावर क्षणभराने ऐकू यायचा, दुसरंच कोणीतरी चिडवल्यासारखा. मी सेटिंग बदलत गेले. एक नीट केलं की दुसरं बिघडायचं. आणि वरून विमानं. आमच्या डोक्यावरूनच ती सांताक्रूझला उतरायला जातात, पोट दिसेल एवढी खाली. इतकी वर्षं मला ती ऐकूही येत नव्हती. माइक लावल्यावर कळलं, दर थोड्या वेळाने आमच्या घरातून विमान जातं.

"त्याला फोन कर ना," आई म्हणायची.

"गरज नाही."

"नाक केवढं गं तुझं!"

शेवटी एका रविवारी सकाळी मी पप्पांना आत बसवलं. खिडकीला गोधडी लावली. त्यांच्या कानांवर हेडफोन चढवला. हेडफोनमध्ये क्लिक, म्हणजे घड्याळासारखी एकसारखी टकटक, तिच्यावर गायचं. सगळे व्हिडिओ हेच सांगत होते. आधी क्लिकवर आवाज घ्या, बाकीची वाद्यं मागून चढवा. भावाच्या स्क्रीनवरही सगळं रेषांमध्ये नीट बसलेलं मी बघितलं होतं.

पप्पांनी आंघोळ केलेली, पांढरा सदरा घातलेला. "म्हणू?" त्यांनी विचारलं.

"म्हणा."

त्यांनी रंगाऱ्याचं गाणं धरलं. स्वतःच्या कामावर त्यांनी केलेलं, पार्टीचं सगळ्यात गाजलेलं.

"साऱ्या नगराला रंग दिला..."

आणि गप्प.

मी वाट बघितली. टकटक चालू होती. थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा तीच ओळ म्हटली, "साऱ्या नगराला रंग दिला," आणि पुन्हा गप्प. माझ्याकडे बघत राहिले.

"पप्पा, पुढे."

"पुढे काय?"

"ओळ पूर्ण करा ना. 'माझ्या भिंतीला ओल आली.'"

"हां," ते म्हणाले आणि पुन्हा सुरू केलं. पुन्हा अर्ध्यावर थांबले. अंतऱ्यातही तेच. प्रत्येक ओळ अर्धी गायची, मग गप्प. शिवाय त्यांची लय क्लिकच्या पुढे पळायची, मग अडखळायची, मग त्यांना दम लागायचा. पाच वेळा घेतलं. पाचव्यांदा माझा आवाज चढला.

"स्वतःचं गाणं विसरलात का तुम्ही?"

बोलले आणि लगेच वाटलं, बोलायला नको होतं. पप्पांनी हेडफोन काढला, दोन्ही हातांनी, सांभाळून, महागाचा आहे म्हणून. "विसरलो नाही," ते म्हणाले. "ती माझी नाही."

"काय तुमची नाही?"

"पुढची अर्धी. ती कोरसची. मी कशी म्हणू?"

"शब्द तर तुमचेच आहेत!"

"शब्द माझे. पण म्हणत नाही मी ती. कधीच म्हटली नाही. तोंडात येत नाही." मग उठताना म्हणाले, "जाऊ दे पोरी. मी अंधेरीलाच जातो."

ते हॉलमध्ये जाऊन बसले. मी स्क्रीनसमोर तशीच. पाचही वेळचं रेकॉर्डिंग एकाखाली एक दिसत होतं. आवाज असतो तिथे टेकडीसारखं वर चढतं, शांतता असते तिथे सरळ रेघ. प्रत्येक ओळीत एक टेकडी, मग रेघ. टेकडी, रेघ. आणि रेघा सगळ्या सारख्या लांबीच्या. विसरलेला माणूस असा नेमाने विसरत नाही. ते त्या रेघेत थांबून ऐकत होते. मागून येणारं काहीतरी. ते येत नव्हतं.

मी दार लावून घेतलं आणि ती अर्धी ओळ स्वतः गाऊन भरायचा प्रयत्न केला. शब्द पाठ होते, चाल पाठ होती. पण कुठून धरायची ते मला येईना. पप्पांचा 'दिला' संपल्यावर धरली तर भोक पडायचं. आधी धरली तर त्यांच्या शब्दावर चढायची. ज्या माणसाच्या घरात मी जन्मले, त्याच्या गाण्यात शिरायची जागा मला सापडत नव्हती.

मग मी फोन केला. चारदा नंबर काढून चारदा ठेवला, पाचव्यांदा केला.

"बोल ताई. मोठे पप्पा बरे आहेत ना?"

"बरे आहेत. अर्धी ओळ गातात आणि गप्प बसतात."

तो एवढा हसला की मी फोन कानापासून लांब धरला. "अगं ते कधी पूर्ण ओळ गायलेत? पार्टीची रीतच ती. ते सोडतात, आम्ही उचलतो. त्यांचा 'दि' झाला की 'ला' आमच्यात पाहिजे. माझे पप्पा ढोलकी पण त्यावरच फिरवतात. तुला माहीत नव्हतं?"

त्याने हे टोमणा म्हणून विचारलं नव्हतं. तेच तर जिव्हारी लागलं. वर खोलीत बसून लाऊडस्पीकरवर मी ऐकलेली ओळ नेहमी पूर्ण असायची. कोण कुठे सोडतो आणि कोण कुठे उचलतो, हे लाऊडस्पीकर सांगत नाही. तो मात्र खाली त्यांच्या पाठीमागे बसलेला असायचा. मी पुस्तक धरलं होतं तेव्हा त्याने खंजिरी धरली होती.

"आणि एक सांगू?" तो जरा दबकत म्हणाला. "रागावू नकोस. मोठे पप्पा एकदा आले होते माझ्याकडे. तुझं ते ठरायच्या आधी. मी पण क्लिकवरच बसवलं त्यांना. वाट लागली. कोणालाच नाही सांगितलं आम्ही. मग म्हटलं, मोठी जागा बघून अख्खी पार्टीच एकत्र बसवून घ्यायची. पण माझ्या खोलीत तीनच्या वर माणसं मावत नाहीत ना ताई. म्हणून तर तुला म्हटलं, साधं घे. तुमच्याकडे हॉल आहे."

म्हणजे मला न सांगता पप्पा आधीच त्याच्याकडे जाऊन आले होते. म्हणजे तो हरून बसला होता आणि मला खरं तेच सांगत होता. म्हणजे मी दोन महिने त्याच्या स्क्रीनशी स्पर्धा करत होते आणि त्याला आमचा हॉल हवा होता. कशावर आधी रागवावं ते कळेना.

"रविवारी सगळ्यांना घेऊन ये," मी म्हटलं. "काकांना, मास्तरांना, कोरसला. पण ऐक. रेकॉर्डिंग मी करणार. माझ्या लॅपटॉपवर."

"ओके बॉस."

"बॉस-बिस नाही. मी करणार."

"अगं हो ताई, तूच."

जयंतीला पाच आठवडे राहिले होते. फोन ठेवल्यावर मी शीट उघडली आणि पहिलं आलेलं ते फुकटचं, राखाडी सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. विकत घेतलेलं पुसून टाकायला जीव झाला नाही. ते अजून आहे लॅपटॉपवर. उघडत नाही मी.

रविवारी सकाळी सातव्या मजल्यावर सहा जोड चपला दारात. आईने सोफा आडवा करून भिंतीला लावला होता आणि खाली सतरंज्या. दोन माइक लावले, एक पप्पांसमोर, एक मागे कोरस आणि ढोलकीच्या मधे. हेडफोन नाही, क्लिक नाही. लॅपटॉप मी स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवला, म्हणजे त्याचा पंखा लांब. मी ओट्यापाशी उभी. काकांनी ढोलकी आवळत विचारलं, "ताईसाहेब, विमानांचं काय करणार?"

"काही नाही. ती येणार."

"गाण्यात?"

"आपण त्यांच्याखालीच राहतो ना काका? मग येणारच की."

मास्तर हसले. पहिल्यांदा मला त्या खोलीत जागा मिळाल्यासारखं वाटलं, थोडीशी.

आवाज तपासायला मी सगळ्यांना थोडं गायला लावलं. स्क्रीनवर कोरसची पट्टी लाल व्हायला लागली, म्हणजे आवाज फुटत होता. मला दिसत होतं आणि मी बटण शोधत होते. तेवढ्यात भाऊ उठला, माझ्या बाजूने हात घातला आणि डब्याचं बटण फिरवणार, तोच मी म्हटलं,

"हात लावायचा नाही."

मी जरा जास्तच मोठ्याने बोलले होते. आईने माझ्याकडे असं बघितलं की मी पाच वर्षांची झाले.

त्याने हात मागे घेतला. "डावीकडचं," एवढंच हळू म्हणाला आणि जाऊन बसला. मी डावीकडचं फिरवलं. लाल गेलं. धन्यवाद म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं.

मग पप्पांनी रंगाऱ्याचं गाणं धरलं. आधी नुसता आवाज, लय नाही, हात हवेत. मग हात खाली आला आणि ढोलकी सुरू झाली. "साऱ्या नगराला रंग दि..." आणि मागून चार आवाज एकदम वर आले, त्यात भावाचा सगळ्यात पुढे. ती ओळ अशी पूर्ण झाली की जोड कुठे आहे ते सांगता येऊ नये. पप्पांना श्वास घ्यायला तीच जागा. कोरस गात असताना ते श्वास घेत होते. इतकी वर्षं असंच. दम लागलेला माणूस दमलेला दिसतच नव्हता.

शेवटच्या अंतऱ्यात लय वाढली. पप्पांनी मान वळवून मागे बघितलं, त्याच्याकडे, आणि भुवई जराशी उडवली. त्यानेही उडवली. दोघांमधलं काहीतरी जुनं. माझ्याकडे पप्पांनी कधी तसं बघितलं नाही. माझ्याकडे बघताना ते नेहमी थोडे साहेबाकडे बघितल्यासारखे बघतात, अभिमानाने आणि लांबून. मी ओट्याला टेकून उभी होते. मत्सर काय असतो ते मला त्या क्षणी पुरतं कळलं. मला त्याच्यासारखं गाता यावं असं वाटत नव्हतं. मला ती भुवई हवी होती.

तरी डोळे स्क्रीनवर ठेवले. लाल होऊ दिलं नाही.

त्या दिवशी चार गाणी झाली. पुढचे दोन रविवार पुन्हा सगळे आले. पप्पा मधेमधे बसून पाणी प्यायचे, मास्तर त्यांना जुनं काहीतरी सांगून हसवायचे आणि काका दर वेळी विचारायचे, "लाल दिवा लागला का गं?" भाऊ एकदाही ओट्यापाशी आला नाही. काही सांगायचं असलं की बसल्या जागेवरून बोटाने डावीकडे किंवा उजवीकडे दाखवायचा. मीही शेवटच्या रविवारी त्याला पहिला चहा दिला. त्याने घेतला.

जयंतीच्या आठवड्यात विहारात ती गाणी लावली. बाया-माणसं उठून पप्पांच्या पाया पडायला लागली. काकांच्या गल्लीतले एक गृहस्थ भावाच्या पाठीवर थाप मारून मोठ्याने म्हणाले, "वा रे म्युझिक डिरेक्टर! काकाचं नाव राखलंस!"

भाऊ म्हणाला, "नाही ओ, ते..."

मी त्याला पूर्ण करू दिलं नाही. "रेकॉर्डिंग मी केलंय," मी म्हटलं. "यानं गायलंय."

गृहस्थ गोंधळले. "तू? तू तर ऑफिसात आहेस ना?"

"हो. बी.कॉम. पण आहे."

भाऊ खो खो हसला. पप्पा पलीकडे खुर्चीवर बसले होते, त्यांनी ऐकलं की नाही मला माहीत नाही. मी विचारलं नाही. भावाबद्दलची ती आग अजून आहे, पूर्वीपेक्षा कमी, पण आहे. पार्टी गायला बसली की मी आजही आधी त्याच्या जागेकडे बघते.

पप्पांची अकरा गाणी रेकॉर्ड झाली. त्यांच्या आवाजात, अख्ख्या पार्टीसह, आमच्या घरात. शब्द मी ऐकून ऐकून लिहून काढले आणि टाइप केले. रेकॉर्डिंग मी केलं.